नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, आणि घरात छळ: कुठून सुरुवात करायची

"एक फोन करीन आणि तुला डिपोर्ट करीन." लग्न होऊन अमेरिकेत आलेल्या आणि घरात छळ सोसणाऱ्या बाईला हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. त्या एका वाक्यामुळे कित्येकजणी वर्षानुवर्षं गप्प बसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

देशाबाहेर काढण्याचा अधिकार नवऱ्याकडे नाही, तो सरकारकडे आहे. नवरा काही गोष्टी मात्र करू शकतो. तुमच्यासाठी भरलेला आय-१३० (जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मागे घेऊ शकतो, तुमच्या एच-फोरची, म्हणजे एच-वनवरच्या नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाची, मुदत वाढवायची टाळू शकतो, घटस्फोटाचा अर्ज करू शकतो. तुमच्या हातात असलेलं ग्रीन कार्ड तो रद्द करू शकत नाही. त्याने खोटीनाटी तक्रार केली, तरी छळ सोसणाऱ्या व्यक्तीविरुद्ध निव्वळ छळ करणाऱ्याच्या सांगण्यावरून निर्णय घ्यायला इमिग्रेशन खात्यांना कायद्याने बंदी आहे. खाली दिलेल्या मार्गांपैकी व्हावा (छळ सोसणाऱ्या कुटुंबीयांसाठीचा कायदा), यू व्हिसा (गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी) किंवा टी व्हिसा (मानवी तस्करीत सापडलेल्यांसाठी) यांचा अर्ज तुम्ही केलात, तर ती गोष्ट खातं त्याला सांगत नाही. त्याने विचारलं तरी नाही.

हा लेख अमेरिकेपुरता आहे. बायकांना धरून लिहिला असला तरी हे कायदे पुरुषांनाही लागू होतात.

आधी जीव, मग कागद

मारहाण चालू असेल किंवा जिवाची भीती असेल तर ९११. तिथे इंग्रजी येण्याची गरज नाही. "मराठी" किंवा "हिंदी" एवढं म्हटलं तरी दुभाषा जोडून देतात. पोलीस घरी आल्यावर एक गोष्ट हमखास बिघडते. नवऱ्याचं इंग्रजी सफाईदार असतं, तो दारातच शांतपणे सगळी हकिगत सांगून मोकळा होतो आणि अहवालात तीच उतरते. म्हणून दुभाषा मागा आणि वेगळ्या खोलीत बोलायला सांगा. नवरा, सासू किंवा मुलं यांना दुभाषा होऊ देऊ नका. निघताना पोलिसांकडून अहवालाचा क्रमांक लिहून घ्या.

कधी कधी बाईलाच अटक होते. नवऱ्याला ओरखडा दिसला, बाईला बोलता आलं नाही, एवढंही पुरतं. असं झालं तर फौजदारी वकिलाला पहिल्या भेटीतच सांगा की मी अमेरिकेची नागरिक नाही. "छोटा गुन्हा कबूल करा, आजच घरी जाल" असा सल्ला मिळाला, तरी इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कबूल करू नका. कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे. त्या एका सहीने पुढचे मार्ग बंद होऊ शकतात.

तातडीचं नसेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन चोवीस तास चालू असते: १-८००-७९९-७२३३. दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत. न्यू जर्सीत मानवी, न्यूयॉर्कमध्ये सखी, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मैत्री आणि नारिका, शिकागोत अपना घर, ह्यूस्टनमध्ये दया, अटलांटात रक्षा. फोनवर मराठी बोलणारं कोणी आहे का हे आधी विचारा. नसेल तर हिंदीत बोलता येतं. या संस्थांना सासू, दीर, हुंडा, पगार सासऱ्यांच्या खात्यात जाणं हे काही समजावून सांगावं लागत नाही, आणि त्याने मोठा भार हलका होतो.

हा फोन स्वतःच्या मोबाइलवरून करू नका. फॅमिली प्लॅनवरचा फोन असेल तर बिलात नंबर दिसतो. गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग, दोघांचं एकच आयक्लाउड खातं, गाडीचं अ‍ॅप, दारातला कॅमेरा, हे सगळं त्याच्या हातात असू शकतं. सार्वजनिक ग्रंथालयातला संगणक किंवा मैत्रिणीचा फोन वापरा. नवं ईमेल खातं तिथेच उघडा आणि त्याचा पासवर्ड घरच्या ब्राउझरमध्ये साठवू नका. लोकेशन एकदम बंद केलं तर त्याला संशय येतो, म्हणून ते कधी आणि कसं बंद करायचं हे संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर ठरवा.

घरातून काय घ्यायचं

मूळ कागद हाती लागले तर उत्तम, नाही तर फोटो. फोटो नव्या ईमेलवर पाठवा, मग फोनमधून काढा आणि "अलीकडे काढलेले" या फोल्डरमधूनही काढा. ते राहून जातं आणि तिथेच सापडतं.

तुमचा पासपोर्ट पानन्‌पान, व्हिसाचा शिक्का, आय-७९७ ही मंजुरीची पत्रं, आधीच्या अर्जांच्या पावत्या. मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट. लग्नाचा दाखला. टॅक्स रिटर्नची पहिली दोन पानं. भाडेकरार. आणि नवऱ्याचे कागद, कारण व्हावाचा पाया तेच आहेत: त्याचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, नागरिकत्वाचा दाखला. नवऱ्याच्या कार्डाचा फोटो मिळाला नाही तर त्यावरचा ए-क्रमांक (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) लिहून आणा. तोही नसेल तर त्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव लिहून द्या. सरकारला स्वतःच्या नोंदी तपासता येतात.

पासपोर्ट नवऱ्याने किंवा सासूने कपाटात कुलूप लावून ठेवलाय? भारतीय पासपोर्ट ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे, नवऱ्याची नाही. पोलिसांत तक्रार नोंदवून भारतीय वकिलातीकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. त्याला वेळ लागतो, पण तेवढ्यासाठी बाकीचं अडवून ठेवायचं कारण नाही. तुमचा आय-९४, म्हणजे देशात शिरल्याची नोंद, पासपोर्ट क्रमांक माहीत असला की सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. तुम्ही कोणत्या दर्जाने आलात आणि तो कधीपर्यंत आहे, हे त्या एका पानावर असतं. वकिलाकडे जाताना तेवढं पान तरी जवळ असू द्या. आय-७९७ सोबत नव्या मुदतीचा आय-९४ आला असेल तर तोही घ्या, कारण संकेतस्थळावरची तारीख कधी जुनी असते.

पहिला प्रश्न: नवऱ्याकडे काय आहे?

कोणता रस्ता मोकळा आहे हे बहुतेक वेळा तुमच्या नव्हे, त्याच्या कागदावर ठरतं. तो अमेरिकेचा नागरिक आहे, ग्रीन कार्डवर आहे, की एच-वन (नोकरी), एल-वन (कंपनीतली बदली), एफ-वन (शिक्षण) व्हिसावर? अनेकींना हे नक्की माहीत नसतं, कारण कागद कधी हातात दिलेच जात नाहीत. "ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे" याचा अर्थ ग्रीन कार्ड आहे असा नाही. भारतीयांच्या रांगेत ते "प्रोसेसमध्ये" दहा-दहा वर्षं राहतं.

*नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवर:* १९९४ च्या कायद्याने आलेला व्हावा अर्ज. नवऱ्याच्या सहीशिवाय, त्याला न कळवता, स्वतःच स्वतःसाठी आय-३६० भरायचा. शुल्क नाही. २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्याच अर्जात येतात. नवरा नागरिक असेल तर ग्रीन कार्डचा आय-४८५ सोबतच भरता येतो. तो ग्रीन कार्डवर असेल तर रांगेची तारीख पाहावी लागते, पण त्याने आधी तुमच्यासाठी आय-१३० भरला असेल तर त्याचीच जुनी तारीख तुम्हाला मिळते. मधल्या काळात तुमचा दर्जा संपून गेला असला तरी तेवढ्याने हा मार्ग बंद होत नाही.

*तुमच्याकडे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड आहे:* लग्नाला दोन वर्षं पूर्ण होण्याआधी कार्ड मिळालं की ते सशर्त असतं आणि एरवी ती अट काढण्यासाठी दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. "मी सही केली नाही तर तू बेकायदा होशील" ही धमकी इथली. छळ झाला असेल तर आय-७५१ एकटीने भरता येतो, दोघांच्या अर्जासाठी असलेल्या, कार्ड संपण्याआधीच्या नव्वद दिवसांची वाट न पाहता, घटस्फोट झालेला असो वा नसो. व्हावाची इथे गरज नाही.

*नवऱ्याच्या नोकरीतून तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालंय:* ते सशर्त नसतं. घटस्फोटाने जात नाही. एवढं कळल्यावरच काहीजणी घर सोडू शकतात.

*नवरा एच-वनवर, तुम्ही एच-फोरवर:* इथे परिस्थिती सगळ्यात अवघड आहे आणि मराठी घरांत सगळ्यात जास्त आढळते तीही हीच. व्हावा लागू होत नाही. छळ झालेल्या जोडीदारांसाठी आय-७६५व्ही नावाचा वेगळा अर्ज आहे, त्यातून दोन वर्षांचा काम करण्याचा परवाना मिळतो. ए, जी, ई-थ्री आणि एच या वर्गांच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना तो खुला आहे. एल-वन आणि एफ-वनवाल्यांचे जोडीदार (एल-टू, एफ-टू) त्यात नाहीत. एच-फोर चालू असताना तो भरता येतो. छळामुळे घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांच्या आतही भरता येतो. हा नेहमीचा एच-फोर ईएडी (कामाचा परवाना) नव्हे, त्याला नवऱ्याचा आय-१४० (कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज) मंजूर असावा लागत नाही. पण हा परवाना फक्त कामाचा आहे. त्याने राहण्याचा दर्जा मिळत नाही आणि ग्रीन कार्डकडेही जाता येत नाही. म्हणून तो एकटा न भरता पुढच्या कशाशी तरी जोडून भरायचा असतो: स्वतःचा एच-वन, शिक्षणासाठी एफ-वन किंवा यू व्हिसा.

*यू व्हिसा:* नवऱ्याचा दर्जा काहीही असो, गुन्हा अमेरिकेत घडला असेल, तुम्हाला त्याची गंभीर शारीरिक किंवा मानसिक झळ बसली असेल आणि तुम्ही पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना तपासात मदत केली असेल तर हा मार्ग आहे. आय-९१८ सोबत पुरवणी-बी लागते, ज्यावर पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीशाची सही असते. ती सही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतली हवी. हा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा इथेच: सही मिळते, बाकीचे कागद जमवण्यात सात महिने जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सही मागावी लागते. आधी सगळी फाइल तयार करा, मग सही मागा. पोलिसांनी सही नाकारली तर सरकारी वकिलाच्या कार्यालयाकडे मागता येते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत उत्तर देण्याची मुदतही कायद्याने ठरवून दिली आहे. वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांनाच यू मिळतो, त्यामुळे रांग कित्येक वर्षांची आहे. प्राथमिक छाननीत अर्ज खरा वाटला तर रांगेत असतानाच कामाचा परवाना मिळू शकतो.

घरातच कोंडून, धाक दाखवून, पगाराविना राबवून घेतलं असेल तर टी व्हिसाबद्दलही वकिलाला विचारा. "सून म्हणून आणली आणि मोलकरीण केली" ही नुसती तक्रार नसते, कधी कधी ती कायद्याच्या व्याख्येत बसते.

घटस्फोटाच्या तारखेवर नजर ठेवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वेगळं राहायला लागल्याने एच-फोर संपत नाही. कोर्टात घटस्फोटाचा अर्ज केल्यानेही संपत नाही. घटस्फोटाचा हुकूम निघतो त्या दिवशी संपतो. नोकरी गेलेल्यांना मिळते तशी साठ दिवसांची सवलत इथे नाही. दर्जा बदलण्याचा अर्ज हुकूम निघायच्या आधी गेलेला हवा. नवऱ्याच्या नोकरीवरचं ग्रीन कार्ड मिळायचं बाकी असेल आणि तुमचा आय-४८५ त्याच्या मागे लावलेला असेल, तर मंजुरीआधी घटस्फोट झाल्यास तुमचा अर्ज पडतो.

व्हावामध्ये उलटा हिशोब आहे. घटस्फोट झाल्यावरही अर्ज करता येतो, पण दोन वर्षांच्या आत, आणि घटस्फोटाचा छळाशी संबंध दाखवून. दोन वर्षांवर एक दिवसही चालत नाही. नागरिक नवरा मरण पावला तर तिथेही मुदत दोन वर्षांचीच. आणि व्हावा मंजूर होण्याआधी दुसरं लग्न केलं तर अर्ज संपतो. मंजुरीनंतर केलं तर त्याने बाधा येत नाही.

म्हणून घटस्फोटाचा वकील आणि इमिग्रेशनचा वकील एकमेकांशी बोलतील अशी व्यवस्था करा. घटस्फोटाच्या वकिलाला खटला लवकर मिटवायचा असतो आणि एच-फोरचं गणित त्याच्या डोक्यात नसतं. नवऱ्याने पाठवलेली कोर्टाची कागदपत्रं आली तर घाबरून ड्रॉवरमध्ये टाकू नका. उत्तराची मुदत राज्यागणिक वेगळी असते, बहुतेक ठिकाणी तीन-चार आठवडे. उत्तर दिलं नाही तर तुमच्या गैरहजेरीत हुकूम निघतो आणि तुमचा दर्जा गेल्याचं तुम्हाला कळतही नाही.

वकील कोण आणि कोण नाही

इमिग्रेशनचा सल्ला कायद्याने दोघेच देऊ शकतात: परवानाधारक वकील, आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या संस्थांमधले मान्यताप्राप्त प्रतिनिधी. मान्यताप्राप्त संस्थांची यादी न्याय खातं राज्यवार प्रसिद्ध करतं. त्यांतल्या बऱ्याच फुकट किंवा नाममात्र शुल्कात काम करतात. ताहिरी जस्टिस सेंटरसारख्या संस्था तर याच विषयात काम करतात. वकिलाचा परवाना त्या त्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतो.

नोटरी, "इमिग्रेशन कन्सल्टंट", टॅक्स भरून देणारे ओळखीचे काका, मंडळात "सगळ्यांचे फॉर्म भरणारे" गृहस्थ, यांच्याकडून अर्ज भरून घेऊ नका. चुकीच्या खोक्यात केलेली एक खूण निस्तरायला वर्ष जातं, शिवाय बातमी गणपतीच्या मांडवापर्यंत पोहोचते ते वेगळंच. आणि नवऱ्याच्या कंपनीचा वकील तुमचा वकील नाही. तुमचा एच-फोर त्यानेच भरला असेल, पण तो कंपनीसाठी काम करतो. त्याला फोन केलात तर गोष्ट नवऱ्याच्या कानावर जाऊ शकते.

पहिल्या भेटीत विचारा: व्हावाचे किंवा यूचे किती अर्ज केलेत? पत्रं कोणत्या पत्त्यावर मागवाल? नवऱ्याची अटक झाली तर माझ्या अर्जावर काय परिणाम होईल? हा शेवटचा प्रश्न एच-फोरवाल्यांनी विचारलाच पाहिजे, कारण त्याचा दर्जा गेला की तुमचाही जातो.

व्हावाची फाइल कशी उभी राहते

सिद्ध करायच्या गोष्टी सहा: कायदेशीर लग्न, नवऱ्याचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड, लग्न कागदासाठी न करता संसारासाठी केलं होतं हे, एकत्र राहणं, मारहाण किंवा पराकोटीचं क्रौर्य, आणि तुमची चांगली वर्तणूक. पोलीस अहवाल सक्तीचा नाही. कायद्यात "विश्वासार्ह वाटेल असा कोणताही पुरावा" चालतो असं म्हटलंय. व्यवहारात मात्र कागद जितके ठोस तितकं बरं.

महाराष्ट्रात झालेल्या लग्नाच्या नोंदीची प्रमाणित प्रत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या विवाह नोंदणी कार्यालयातून माहेरच्यांना काढता येते. गोव्यात ती नागरी नोंदणी कार्यालयात मिळते. महाराष्ट्रात नोंदणी केलीच नव्हती, तरी हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधिवत झालेलं लग्न वैध असतं. मग लग्नपत्रिका, सप्तपदीचे फोटो, हॉलची पावती, भटजींचं आणि हजर असलेल्यांचं प्रतिज्ञापत्र लावायचं.

एकत्र राहण्याचा पुरावा हे खरं दुखणं. घर त्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, बँक खातं त्याचं. मग तुमचं नाव आणि तो पत्ता एकत्र आलेला कुठलाही कागद शोधा: औषधांच्या दुकानाचं लेबल, डॉक्टरांच्या भेटीची नोंद, आरोग्यविम्याचं कार्ड, ग्रंथालयाचं कार्ड, मुलाच्या शाळेचा फॉर्म, आईने पाठवलेल्या दिवाळीच्या फराळाच्या पार्सलवरची चिठ्ठी. ती चिठ्ठी साधी दिसते, पण तिच्यावर तारीख, नाव आणि पत्ता तिन्ही असतात.

क्रौर्य म्हणजे फक्त हात उगारणं नव्हे. फोन काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, पैसे न देणं, डिपोर्ट करण्याची किंवा मूल हिसकावण्याची धमकी, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, झोपू न देणं, हे सगळं त्यात येतं. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल आणि थेरपीच्या नोंदी इथे उपयोगी पडतात.

वर्तणुकीसाठी गेल्या तीन वर्षांत जिथे जिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलात, तिथला पोलीस दाखला लागतो. भारतातली राहणी त्यात येत असेल तर भारताचाही.

निवेदन: फाइलचा कणा

तुमच्या सहीचं निवेदन हा सगळ्यात महत्त्वाचा कागद. ते मराठीत लिहा. स्वतःच्या भाषेत जे आठवतं आणि नेमकं सांगता येतं ते तोडक्या इंग्रजीत येत नाही. भाषांतर नंतर होतं.

"तो मला नेहमी त्रास द्यायचा" या वाक्याने काही सिद्ध होत नाही. एकेक प्रसंग घ्या: कुठल्या महिन्यात, कुठल्या खोलीत, काय निमित्त झालं, तो नेमके कोणते शब्द बोलला, काय केलं, मुलं कुठे होती, नंतर तुम्ही काय केलंत. पहिला प्रसंग, सगळ्यात वाईट प्रसंग आणि शेवटचा प्रसंग हे तीन सविस्तर हवेतच. तारीख आठवत नसेल तर बनवू नका. "संक्रांतीच्या आठवड्यात, जानेवारीच्या मध्यावर" असं लिहिलं तर चालतं. चुकीची नेमकी तारीख पोलीस अहवालाशी जुळली नाही की शंका येते. ओळख कशी झाली, पहिल्या दिवसांत काय चांगलं होतं, तेही लिहा. लग्न खऱ्या संसारासाठी होतं हे त्यातूनच दिसतं. तो भाग लिहिणं अवघड जातं, म्हणून बहुतेकजणी गाळतात, आणि मग खात्याकडून पुरावा मागणारं पत्र येतं.

साक्षीदारांनी आपण स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच लिहावं. "ती फार चांगल्या घरातली मुलगी आहे" असं काकांचं पत्र निरुपयोगी असतं. "१० मार्चला रात्री व्हिडिओ कॉलवर तिच्या डाव्या डोळ्याखाली सूज दिसली, मी विचारल्यावर ती रडायला लागली" असं बहिणीचं पत्र कामाचं.

मराठी मेसेजचं भाषांतर

प्रत्येक मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. ते तुम्ही स्वतः करू नका, दुसऱ्याकडून करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या पडद्याचा फोटो काढताना वर नाव किंवा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मधले मेसेज गाळू नका.

एक उदाहरण बघा. मेसेज आहे: "तिकीट काढलंय, बापाच्या दारात जाऊन बस." शब्दशः इंग्रजी केलं तर वाचणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, नवऱ्याने बायकोला माहेरी जायचं तिकीट काढून दिलं. भाषांतरकाराने अर्थ वाढवून लिहायचा नाही, शब्दशःच करायचं. खुलासा तुमच्या निवेदनात करा: लग्न झालेल्या मुलीला नवऱ्याने माहेरी आणून सोडणं म्हणजे तिला टाकणं. आमच्या गावात अशा बाईला "टाकलेली" म्हणतात, धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यावरून अडथळे येतात, आणि म्हणून ही ओळ वाचून मी त्या रात्री घरातून बाहेर पडायचा विचार सोडून दिला. "तुझ्या बापाने काय दिलं", "पांढऱ्या पायाची", "माझ्या जिवावर अमेरिका बघतेस" या प्रत्येकाला असाच खुलासा लागतो. शिवीला सौम्य पर्याय वापरू नका, जशी आहे तशी जाऊ द्या.

अर्ज गेल्यावर

आय-३६० पाठवायचा पत्ता बदलत राहतो. पाठवायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (हे अर्ज पाहणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) पानावर फॉर्मची आवृत्ती आणि पत्ता दोन्ही तपासा. जुन्या आवृत्तीचा फॉर्म तसाच परत येतो. फॉर्ममध्ये सुरक्षित पत्त्याचा रकाना आहे, तिथे वकिलाचा किंवा संस्थेचा पत्ता द्या. घर बदललंत तर दहा दिवसांत कळवायचं असतं, तेही वकिलामार्फत. अनेक राज्यांत पत्ता गुप्त ठेवण्याची सरकारी योजना आहे, संरक्षण आदेश मिळाल्यावर तिची चौकशी करा. संरक्षण आदेश राज्याच्या न्यायालयात मिळतो आणि त्याला इमिग्रेशनचा दर्जा लागत नाही.

आधी पावती येते. पुरावा प्रथमदर्शनी पुरेसा वाटला तर तसं पत्र येतं. ते मंजुरीचं पत्र नव्हे, पण काही सरकारी मदतीसाठी चालतं. त्यानंतर वाट पाहणं, महिने नव्हे, वर्षं. या काळात वकिलाच्या लेखी होकाराशिवाय देशाबाहेर जाऊ नका, आई आजारी असली तरी आधी विचारा. अर्ज नाकारला गेला आणि तेव्हा तुमचा दुसरा कुठलाही दर्जा नसेल, तर इमिग्रेशन न्यायालयाची नोटीस येऊ शकते. म्हणून अर्धवट फाइल घाईने पाठवण्यापेक्षा, मुदत आड येत नसेल तर दोन महिने उशीर बरा.

मुलाला घेऊन भारतात निघून जावं हा विचार मनात येतोच. वडिलांच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या हुकमाशिवाय ते करू नका. अमेरिकेत तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो आणि मग ताबा व व्हिसा दोन्हीकडे तुमची बाजू पडते. आधी कुटुंब न्यायालयातून ताब्याचा हुकूम घ्या.

मुलाकडे आलेले आई-वडील

छळ करणारा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक आणि २१ वर्षांवरची असेल, तर आई-वडिलांनाही व्हावा भरता येतो. मुलगा ग्रीन कार्डवर असेल तर नाही. आणि त्रास फक्त सुनेकडून किंवा जावयाकडून असेल तर या कायद्यात बसत नाही. नातवंडं सांभाळायला बोलावून पासपोर्ट काढून घेतलेल्या आज्या-आजोबांना हे कोणी सांगत नाही.

भारतात आणून सोडलेल्या

"सुट्टीला जाऊ" म्हणून पुण्याला, कोल्हापूरला आणायचं, पासपोर्ट आणि मुलांचे कागद घेऊन एकट्याने परत जायचं, ही नेहमीची रीत आहे. घरात भांडण धुमसत असताना अचानक परतीची तिकिटं निघाली तर जायच्या आधी वकिलाला विचारा, आणि कागदांच्या प्रती माहेरच्या ईमेलवर आधीच पाठवून ठेवा.

सोडून दिलंच असेल तरी सगळं संपलेलं नसतं. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवर असेल आणि छळाचा काही भाग अमेरिकेत घडला असेल, तर आय-३६० भारतातूनही भरता येतो. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विभाग आणि परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल, दोन्हीकडे तक्रार करा. वकिलातींकडे अडचणीतल्या भारतीय बायकांना कायदेशीर मदत देण्यासाठी निधी असतो, तो तक्रारीत स्पष्ट शब्दांत मागा. माहेरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. "अमेरिकेत घडलं, आम्ही काय करणार" असं ऐकवलं तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पुढे करा: सासरी छळ होऊन बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तक्रार नोंदवता येते. एफआयआरची प्रत, विमानाचे बोर्डिंग पास आणि "आता येऊ नकोस" हा त्याचा शेवटचा मेसेज, तिन्ही एकाच पाकिटात ठेवा. अमेरिकेतला वकील पहिल्या दिवशी तेच मागेल.